फायबर ग्रामपंचायतीच्या दारात थांबू नये, वाडीतल्या घरापर्यंत यावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोकणातील गावांना वेगवान आणि भरवशाचे फायबर इंटरनेट मिळावे, ही मागणी गेली काही वर्षे ग्रामसभांत, तालुक्याच्या आमसभांत आणि मुंबईतील ग्रामविकास मंडळांच्या बैठकांत सातत्याने होत आहे. मागणी रास्त आहे आणि तिला विरोध करणारा कोणी भेटत नाही, तरीही ती पुढे सरकत नाही. माझ्या मते याचे मुख्य कारण शासनाच्या मोजमापात आहे. सरकारी हिशेबात एखादी ग्रामपंचायत फायबरने जोडली गेली की ते गाव जोडले गेले असे धरले जाते. कोकणातला माणूस मात्र वाडीत राहतो आणि त्याची वाडी ग्रामपंचायत कार्यालयापासून दोन-तीन किलोमीटर दूर, मधला पऱ्या (ओढा) ओलांडून, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला असते. किती किलोमीटर केबल टाकली आणि किती ग्रामपंचायती जोडल्या हे आकडे बाजूला ठेवून, किती घरांत जोडणी प्रत्यक्ष चालू आहे, हा एकच आकडा दर तिमाहीला जाहीर व्हावा, अशी मागणी मी आपल्या वृत्तपत्रातून करू इच्छितो.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना १०० एमबीपीएस वेगाची जोडणी देण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या योजनेला मान्यता दिली. काम दोन वर्षांत पूर्ण व्हायचे होते. २०१५ मध्ये योजनेला भारतनेट हे नाव मिळाले, डिसेंबर २०१७ मध्ये एक लाखावर ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले आणि त्याच वर्षी दुसऱ्या टप्प्यालाही मंजुरी मिळाली. दुसऱ्या टप्प्याचे काम महाराष्ट्राने महानेट या नावाने स्वतःकडे घेतले. पुढे ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्याची तरतूद १,३९,५७९ कोटी रुपयांची आहे, आणि पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचे उद्दिष्ट त्यात प्रथमच स्पष्टपणे लिहिले गेले.

हा पैसा कोठून येतो, हे वाचकांना माहीत असावे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित एकूण महसुलातील पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेसाठीच्या निधीत जमा होते. हा निधी आता डिजिटल भारत निधी या नावाने ओळखला जातो आणि भारतनेटचा खर्च त्यातून भागतो. म्हणजे सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर) जाऊन, हात उंच करून मोबाइलला रेंज शोधणाऱ्या माणसाच्या रिचार्जमधूनही या निधीत भर पडत आली आहे. आम्ही मागतो आहोत ती मेहेरबानी नाही, आमच्याच पैशातून उभी राहिलेली सेवा आहे.

आता प्रत्यक्ष स्थिती पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांतील बहुतेक गावांत ग्रामपंचायत कार्यालय रस्त्यालगतच्या एखाद्या वाडीत असते आणि गुरववाडी, सुतारवाडी, बौद्धवाडी, खालची वाडी, वरची वाडी, धनगरवाडा अशा बाकीच्या वस्त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात. देशावरच्या गावाप्रमाणे घराला घर लागून नसते. तिकडे ग्रामपंचायतीतून चार दिशांना थोडी थोडी केबल ओढली की निम्मे गाव जोडले जाऊ शकते, तर इकडे तेवढ्याच केबलमध्ये एक वाडीही पुरी होत नाही. दिल्लीत किंवा मुंबईत बसून योजना आखणाऱ्यांनी देशभर एकच एकक धरले, आणि ते एकक आमच्या भूगोलाला लागू पडत नाही. सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीनुसार जोडण्याची सोय आहे. ती स्वागतार्ह असली तरी तिथेही एकक महसुली गाव हेच आहे. वाडी या शब्दाला या योजनेत अद्याप स्थान नाही.

ज्या कार्यालयात फायबर पोहोचले आहे, तिथली अवस्थाही समाधानकारक नाही. भिंतीवरच्या कपाटात उपकरण बसवलेले असते, त्याला बॅटरी जोडलेली असते, काही ठिकाणी सौरपॅनेलही असते. ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावांचा कार्यभार असल्याने कार्यालय रोज उघडेलच असे नाही. वीज गेली, बॅटरी उतरली आणि कार्यालयाला कुलूप असले, की उपकरण बंदच राहते. तालुक्याच्या ठिकाणी नोंद मात्र "जोडलेली ग्रामपंचायत" अशीच असते. या नोंदीला आव्हान देण्याची कोणतीही सोपी सोय नागरिकाला नाही.

त्यातून केबल तुटण्याचा प्रश्न स्वतंत्र आहे, आणि तो कोकणात फार गंभीर आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे खोदकाम वर्षानुवर्षे चालू आहे, जलजीवन मिशनच्या नळयोजनांसाठी गावागावांत चर मारले गेले आहेत, आणि तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात घाटरस्त्यांवर दरडी कोसळतात त्या वेगळ्याच. भूमिगत फायबरसाठी ठरलेली खोली १६५ सेंटीमीटर आहे. जांभ्याच्या कातळात तेवढे खोदणे खर्चाचे आणि वेळखाऊ असते, म्हणून ठेकेदार कातळ लागला की वरवर केबल पुरून पुढे जातात आणि पुढच्या मोसमात एखाद्या जेसीबीच्या दातात ती येते. जुन्या रचनेत तालुक्याहून निघालेली केबल एका रेषेत गावोगाव जात असे, त्यामुळे एका ठिकाणी ती तुटली की पुढची सारी गावे अंधारात जात. सुधारित कार्यक्रमात तालुका आणि ग्रामपंचायती यांच्यामध्ये वर्तुळाकार जोडणी करायची आहे, जेणेकरून एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी. हा बदल मोलाचा आहे. फक्त कागदावरचे वर्तुळ जमिनीवर उतरताना दोन्ही बाजू एकाच रस्त्याच्या एकाच चरातून नेल्या जाणार नाहीत, याची तपासणी त्रयस्थ यंत्रणेकडून झाली पाहिजे, अन्यथा एकच जेसीबी दोन्ही बाजू तोडील.

केबल खांबांवरून नेण्याचा पर्याय अनेकजण सुचवतात. केरळने तो स्वीकारला आहे. तिथल्या राज्य वीज मंडळाच्या भागीदारीतून उभा राहिलेला के-फोन हा प्रकल्प ५ जून २०२३ रोजी सुरू झाला आणि त्याची बरीच केबल विजेच्या खांबांवरून गेलेली आहे. केरळातील वस्तीही विखुरलेली आहे, पाऊसही आपल्यासारखाच आहे, त्यामुळे ते उदाहरण कोकणाला गोव्याच्या किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या उदाहरणापेक्षा अधिक जवळचे आहे. २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे त्यांचे उद्दिष्ट अजून दूर आहे, हे मान्य करूनही घराला एकक मानण्याचा त्यांचा विचार मला योग्य वाटतो. आपल्याकडे महावितरणचे खांब वाडीवाडीपर्यंत गेलेले आहेत, म्हणजे मार्ग तयार आहे. अडचण वादळांची आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि मे २०२१ मधील तौक्ते वादळाने किनारपट्टीला पुन्हा तोच अनुभव दिला. म्हणून माझे मत असे की तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची मुख्य केबल ठरलेल्या खोलीवर जमिनीखालूनच जावी आणि ग्रामपंचायतीपासून वाडीपर्यंतची शेवटची केबल खांबांवरून न्यावी. शेवटचा तुकडा तुटला तर एक वाडी बंद पडते आणि दुसऱ्या दिवशी गावातलाच माणूस जोडू शकतो. मुख्य केबल तुटली तर अर्धा तालुका बंद पडतो.

जोडणारा माणूस हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पूर्वी प्रत्येक दूरध्वनी केंद्राला लाइनमन असे, त्याला कुठल्या आंब्याखालून तार गेली आहे हे ठाऊक असे. जानेवारी २०२० अखेर भारत संचार निगममधील सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्याबरोबर हे ज्ञानही निवृत्त झाले. आज केबल किती मीटर अंतरावर तुटली आहे हे यंत्रावर नेमके कळते, पण फायबरची तुटलेली टोके जोडणारे स्प्लायसिंग मशीन घेऊन येणारे पथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघते, आणि त्याच्या यादीत आमचे गाव कितवे आहे ते कोणी सांगू शकत नाही. सुधारित कार्यक्रमात उभारणी करणाऱ्यावरच दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकली आहे. त्या करारात प्रत्येक तालुक्याला किमान एक पथक आणि एक स्प्लायसिंग मशीन कायम ठेवण्याची अट असावी, आणि त्यासाठी तालुक्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मुलांना शिकवून घ्यावे. भारतनेट उद्यमी म्हणून स्थानिक तरुणाने जोडण्या द्यायच्या, देखभाल करायची आणि महिन्याच्या बिलातला वाटा घ्यायचा, ही पद्धत आहेच. ती कोकणात रुजायची असेल तर वाडीपर्यंतच्या केबलचा भांडवली खर्च त्या तरुणाच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. जिथे घरे जवळजवळ आहेत तिथे तो खर्च चार-दोन वर्षांत वसूल होईल, पण जिथे वीस घरांसाठी दोन किलोमीटर केबल ओढावी लागते तिथे कधीच होणार नाही, आणि नेमकी तीच घरे मागे राहतील.

"मोबाइल आहे ना, मग फायबर कशाला?" असा प्रश्न अधिकारी विचारतात, तेव्हा मला खेद होतो. भारतात २०२५ च्या आरंभी सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड ग्राहक होते आणि त्यांपैकी तारेवरचे चार कोटींच्या थोडे वर होते. बाकी सारे मोबाइलवर अवलंबून आहेत, म्हणून मोबाइल पुरेसा आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. लोकांना दुसरे काही मिळालेच नाही. दऱ्याखोऱ्यांत टॉवरची रेंज डोंगराआड अडते. शिवाय टॉवरलाही मागून फायबर लागते, ते नसेल तर टॉवर उभा असूनही संध्याकाळी सगळे गाव एकाच वेळी वापरू लागले की वेग मरतो. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान वेग २ एमबीपीएस ठरवण्यात आला, त्याआधी तो ५१२ केबीपीएस होता. ज्या घरात एक मुलगी परीक्षेचा अभ्यास करते, एक मुलगा दूरस्थ नोकरी करतो आणि आजोबांची तपासणी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्लासेवेवरून होते, त्या घराला या व्याख्येने काय मिळणार? व्हिडिओवर डॉक्टरांना जखम दाखवायची तर माहिती वर पाठवण्याचा वेग लागतो, आणि गावातला मोबाइल नेमका तिथेच अडतो.

उपग्रहाचा पर्यायही आता चर्चेत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी स्टारलिंकसोबत इरादापत्रावर स्वाक्षरी केली. अतिदुर्गम पाड्यांसाठी ते उपयोगी ठरेल आणि मी त्याला विरोध करत नाही. परंतु ज्या तालुक्यातून कोकण रेल्वे जाते, तिच्या मार्गालगत ऑप्टिकल फायबर गेलेले आहे आणि राष्ट्रीय महामार्गही जातो, त्या तालुक्याला आकाशाकडे पाहायला सांगणे योग्य होणार नाही. देशाला जगाशी जोडणाऱ्या अनेक समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. त्याच किनाऱ्यावर काही शे किलोमीटर दक्षिणेला राहणाऱ्या माणसाला सात-बारा उतारा काढण्यासाठी तालुक्याला जावे लागावे, याचे समर्थन कसे करणार?

शासनाने स्वतःच बहुतेक कामे इंटरनेटवर नेली आहेत. ई-पीक पाहणी शेतकऱ्याने मोबाइलवर करायची, रेशन ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटल्याशिवाय मिळत नाही, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी संकेतस्थळावर, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, प्रवेशपरीक्षांचे अर्जही तसेच. कागदाचा रस्ता बंद केला असेल तर दुसरा रस्ता चालू ठेवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी ई-केवायसीसंबंधीच्या निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. तो खटला दिव्यांग आणि ॲसिडहल्ला झालेल्या व्यक्तींच्या अडचणींतून उभा राहिला होता, तरी न्यायालयाने ग्रामीण आणि वंचित घटकांचाही विचार त्यात केला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडीत बसून, भर पावसात अभ्यास केला. तिच्या जिद्दीचे राज्यभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण कौतुक करून आपण थांबलो, याचे मला आजही वाईट वाटते. माध्यमिक शाळेत अनेक वर्षे शिकवल्यानंतर मी एवढे खात्रीने सांगू शकतो की जिद्दीवर शिकणारी मुले दर वर्गात दोन-चार असतात, आणि शिक्षणव्यवस्था उरलेल्या सर्वांसाठीही असते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली आहे. येथे माझी एक शंका आहे. कोकणातील बहुसंख्य माध्यमिक शाळा शिक्षणसंस्थांनी चालवलेल्या, अनुदानित आहेत. "सरकारी" हा शब्द अक्षरशः लावला गेला तर त्या सगळ्या वगळल्या जातील. राज्य शासनाने हा मुद्दा केंद्राकडे आताच स्पष्ट करून घ्यावा.

गावात ग्राहक नाहीत, घरे बंद असतात, म्हणून केबल परवडत नाही, असे सेवा देणाऱ्यांचे म्हणणे असते. घरे बंद असतात हे खरे आहे. परंतु ती का बंद आहेत, हेही पाहावे. टाळेबंदीत गावी आलेल्या कितीतरी तरुणांनी गावातून काम करून पाहिले, आणि जोडणी टिकत नाही म्हणून ते परत गेले. गणपती, शिमगा आणि मे महिना या काळात मुंबईकर चाकरमानी घरी येतात. चांगले इंटरनेट असेल तर आठ दिवसांची रजा संपल्यावरही ते महिनाभर थांबून काम करू शकतील, आणि म्हाताऱ्या आईवडिलांसाठी तो महिना किती मोठा असतो हे कोकणात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. हापूसच्या पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला पाठवणारे बागायतदार, घरगुती निवासाची सोय करणारी कुटुंबे, सुतारकाम आणि काजूप्रक्रिया करणारे लहान उद्योजक यांचे व्यवहार मोसमी आहेत. त्यांच्यासाठी वर्षातले काही महिने थांबवून पुन्हा चालू करता येईल अशी दराची योजना सेवादात्यांनी आणावी. आजच्या बारमाही योजना शहरातल्या सदनिकेसाठी आखलेल्या आहेत, आणि त्यांच्या आधाराने गावातली मागणी मोजली तर ती नेहमी कमीच दिसणार.

मागणी किती आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आम्ही घ्यायला तयार आहोत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. त्यांपैकी एका ग्रामसभेत वाडीनिहाय नोंदणी घ्यावी, त्यात मुंबईस्थित घरमालकांना त्यांच्या मंडळांमार्फत नाव नोंदवू द्यावे, आणि एखाद्या वाडीतील ठरावीक घरांनी नोंदणी केली की त्या वाडीपर्यंत केबल ओढण्याची मुदत बंधनकारक व्हावी. सुधारित भारतनेटमधील "मागणीनुसार" हा शब्द आज हवेत आहे. मागणी कोणाकडे, कोणत्या नमुन्यात, किती दिवसांत नोंदवायची हे जिल्हा प्रशासनाने लेखी जाहीर केले तरच त्याला अर्थ येईल. त्याचबरोबर महावितरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, पाणीपुरवठा विभाग आणि फायबरचे काम करणारी यंत्रणा यांची दर महिन्याला तहसीलदारांसमोर एकत्र बैठक व्हावी. खोदण्यापूर्वी कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्राने "कॉल बिफोर यू डिग" हे ॲप आणले आहे. तालुक्यातील प्रत्येक ठेकेदाराच्या कार्यादेशात त्याचा वापर सक्तीचा करावा, आणि न कळवता केबल तोडल्यास दुरुस्तीचा खर्च त्याच्या देयकातून कापावा.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभांपूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीपुढे चार रकाने भरून तक्ता प्रसिद्ध करावा, अशी आमची विनंती आहे: फायबर कधी आले, मागील तीन महिन्यांत किती दिवस चालू होते, किती घरांत जोडणी आहे, आणि कोणत्या वाड्या बाकी आहेत. तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला की त्यातील प्रत्येक ओळ खरी की खोटी हे त्या त्या वाडीतील लोकच ग्रामसभेत सांगतील. आपल्या वृत्तपत्राच्या तालुका वार्ताहरांनीही हा तक्ता मागावा, आणि तो न मिळाल्यास तसे छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी